चेहरा मातकट होऊ नये म्हणून: जलरंग आणि सॉफ्ट पेस्टलमधलं व्यक्तिचित्र, पायरीपायरीने

रविवारी माझ्याकडे चित्रकला शिकायला येणारी मंडळी घरून पोर्ट्रेट करून आणतात. बहुतेक चेहऱ्यांचं दुखणं एकच असतं. रेखाटन बरं असतं, साम्यही जमलेलं असतं, पण त्वचा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दिसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "रंग चुकला." रंग क्वचितच चुकलेला असतो, चुकलेला असतो तो क्रम. पांढरा फार लवकर लागलेला असतो, बोट सगळीकडे फिरलेलं असतं आणि कागदाने रंग धरणं केव्हाच सोडून दिलेलं असतं.

खालचा क्रम एकाच चित्राच्या आधाराने देते आहे. खिडकीशी बसलेली सत्तरीतली मावशी, वर्ण सावळा, केस पांढरे, कपाळावर कुंकू, नाकात मोत्याची नथ, अंगावर लाल काठाची हिरवी इरकल. उजेड आपल्या डावीकडून. चित्र साधारण ए-३ आकाराचं. खाली जलरंगाचा पातळ थर, त्यावर सॉफ्ट पेस्टल आणि बारकाव्यांना पेस्टल पेन्सिल. मिक्स मीडिया, म्हणजे एकाच चित्रात अनेक माध्यमं, म्हटलं की घरातलं सगळं सामान कागदावर यायलाच हवं असं नाही.

## १. खडू: आधी डबा उघडून बघा

स्टेशनरीच्या दुकानात नुसतं "पेस्टल द्या" म्हटलं की हातात ऑइल पेस्टल पडतात, शाळेतल्या मुलांचे. ते या कामाचे नाहीत. ऑइल पेस्टलच्या तेलकट थरावर सॉफ्ट पेस्टलची भुकटी धरत नाही, नुसती घसरते आणि मळते. ओळखायची खूण सोपी आहे. खडू बोटावर घासा. पिठासारखी कोरडी भुकटी लागली तर सॉफ्ट पेस्टल, मेणबत्तीसारखा ओशट डाग पडला तर ऑइल.

मोठा संच लागत नाही. वीसेक कांड्यांत चेहरा होतो: यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, इंडियन रेड, बर्न्ट अंबर, मंद गुलाबी, ऑलिव्ह हिरवा, राखाडी निळा, राखाडी जांभळा, क्रीम, पांढरा, आणि यांतल्या काहींच्या फिकट-गडद छटा. तयार संचांत चमकदार रंगांची गर्दी असते आणि गडद कांड्या जेमतेम दोन. म्हणून गडद तपकिरी, गडद मरून, गडद निळा आणि बाटलीचा हिरवा सुटे घ्या. सावळा चेहरा याच चार कांड्यांवर उभा राहतो. "स्किन कलर" असं लिहिलेली गुलाबी कांडी बाजूला ठेवा, आपल्याकडच्या त्वचेशी तिचा संबंध नाही.

कांड्या रंगांनुसार लावू नका. गडद, मध्यम आणि फिकट अशा तीन ताटल्या करा. काम करताना हात आपोआप योग्य ताटलीकडे जातो आणि निम्म्या चुका तिथेच टळतात.

कांड्या एकमेकींना लागून मळल्या असतील तर झाकणाच्या डब्यात मूठभर कोरडे तांदूळ घ्या, त्यात कांड्या टाकून हलक्या हाताने हलवा. मळ तांदळाला लागतो. ते तांदूळ फेकून द्या, चिमण्यांनाही घालू नका.

## २. कागद: खरखरीतपणा हेच भांडवल

सॉफ्ट पेस्टल कागदात मुरत नाही. कागदाच्या दाण्यांत अडकून बसतो. दाणे भरले की पुढचा थर बसायला जागाच उरत नाही. ड्रॉइंग बुकातला गुळगुळीत कागद दोन थरांत हात टेकतो.

पाण्याचा थर द्यायचा असल्याने ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), दाणेदार म्हणजे कोल्ड प्रेस, जलरंगाचा कागद घ्या. चारही बाजूंनी मास्किंग टेपने बोर्डवर चिकटवा. पेस्टलसाठी मिळणारा रंगीत टिंटेड कागद साधारण १६० जीएसएमचा असतो. त्यावर कोरडं काम सुंदर होतं, पण पाणी लागलं की तो फुगतो. तोच वापरायचा असेल तर जलरंगाची पायरी गाळून तिथे चारकोल, म्हणजे चित्रकलेचा कोळसा, वापरा. अशा कागदाच्या दोन बाजू बहुधा वेगळ्या असतात. एका बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती गालावर उठून दिसते आणि चेहऱ्याला देवीचे व्रण आल्यासारखे वाटतात. चेहऱ्यासाठी दुसरी, बारीक पोताची बाजू वापरा.

तपासणी: कागदाच्या तुकड्यावर एकाच जागी चार कांड्या एकावर एक हलक्या हाताने लावा. चौथी कांडी रंग न सोडता घसरली तर तो कागद पोर्ट्रेटला घेऊ नका.

## ३. फोटो काढताना

मावशी दोन तास बसणार असतील तर उत्तमच. नाही तर फोटो स्वतः काढा, आणि तोंडाजवळ मोबाइल नेऊन काढू नका. जवळून नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. दीड ते दोन मीटर लांब उभं राहून थोडं झूम करा. खोलीतला दिवा बंद, फ्लॅश बंद, उजेड फक्त एका खिडकीतून. दोन बाजूंनी उजेड आला की सावलीला आकार उरत नाही, आणि सावलीच्या आकाराशिवाय चेहरा सपाट होतो.

फोटोच्या दोन प्रती हाताशी ठेवा, एक रंगीत आणि एक काळीपांढरी. पहिला अर्धा वेळ काळ्यापांढऱ्या प्रतीकडेच बघायचं आहे.

## ४. रेखाटन: पेन्सिल आणि कार्बन दोन्ही बाजूला

चेहऱ्याची उंची केसांच्या सुरुवातीपासून हनुवटीपर्यंत १६ ते १७ सेंमी ठेवा. खऱ्या चेहऱ्याहून हे थोडं लहान आहे. त्याहून मोठा केलेला चेहरा कागदाबाहेर झुकून आपल्याकडे बघतो.

ग्राफाइट पेन्सिलची दाबून काढलेली रेघ गुळगुळीत आणि चकचकीत असते, तिच्यावर पेस्टल धरत नाही. ऑफिसात वापरतात तो कार्बन पेपर तर मेणचट असतो. त्याने उतरवलेली रेघ जलरंगालाही दाद देत नाही आणि शेवटपर्यंत गालातून डोकावत राहते. रेखाटन उतरवून घ्यायचंच असेल तर फोटोच्या प्रिंटच्या मागे चारकोल फासा आणि पुढून टोकदार काडीने रेघा ओढा. नाहीतर तपकिरी पेस्टल पेन्सिलने थेट काढा.

डोळे डोक्याच्या एकूण उंचीच्या निम्म्यावर येतात. कपाळावर नाही, हे शंभरदा सांगूनही डोळे वर चढतातच. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर असतं. मान कलली असेल तर डोळे, नाकपुड्या आणि ओठ यांच्या तिन्ही रेघा एकाच कलाने जातात का ते बघा.

सुरकुत्या आत्ता काढू नका. फक्त सावलीची हद्द आखा: कपाळाच्या कडेवरून भुवईखाली, नाकाच्या बाजूने, गालाच्या हाडाखालून हनुवटीपर्यंत. ही एक वेडीवाकडी रेघ बरोबर आली की साम्य जवळजवळ आलंच.

तपासणी: चित्र आरशात बघा. नेहमीच्या नजरेला न दिसलेला तिरकेपणा तिथे लगेच दिसतो. दुरुस्ती आत्ताच करा. पुढे डोळा अर्धा सेंमी सरकवायचा म्हणजे अर्धा चेहरा खरवडणं आलं.

## ५. जलरंगाचा थर: तीनच टोन (उजळ-गडदपणाच्या पायऱ्या)

या थराचं काम पांढरा कागद मारणं आणि सावलीला घर करून देणं, एवढंच. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळा मिसळा. सिएना जास्त घातला तर ऊबदार तपकिरी मिळतो, निळा जास्त घातला तर थंड करडा. चेहरा आणि केसांचा सगळा थर या दोन रंगांत होतो.

आधी संपूर्ण चेहऱ्यावर आणि मानेवर पातळ सिएना. तो सुकला की सावलीच्या आखलेल्या भागात मध्यम तपकिरी. तोही सुकला की सर्वांत गडद जागा: पापणीखालची फट, नाकपुडी, ओठांमधली रेघ, हनुवटीखालची मान. केसांच्या जागी करडा, साडीच्या जागी पातळ हिरवा. काठाची जर पिवळ्या गुआशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, आत्ताच उतरवा. पेस्टल लावून झाल्यावर तिथे ओला ब्रश फिरवला तर चिखल होतो.

रंग पातळच हवा. पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक जाड लावलं तर दाणे बुजतात. ॲक्रिलिकचा जाड थर प्लास्टिकसारखा गुळगुळीत होतो आणि सगळी मेहनत खडूला बसायला जागा न ठेवण्यात जाते.

सावध: ओलसर कागदावर पेस्टल लावला तर भुकटीची लापशी होते. बोटांच्या मागच्या बाजूने कागदाला स्पर्श करा. गार लागला तर आत ओल आहे. जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात कागद सुकायची वाट बघण्यात दुपार जाते. हेअर ड्रायर लांबून फिरवा.

## ६. बसण्याची तयारी

पंखा बंद करा. भुकटी उडते, आणि काही रंगद्रव्यं, विशेषतः कॅडमियमची, श्वासावाटे जाणं चांगलं नाही. मास्क लावा. बोर्ड उभा ठेवा, वरची कड थोडी आपल्याकडे झुकलेली असली तर सुटलेली भुकटी चित्रावर न घसरता खाली पडते. खाली ओला कागद अंथरा.

चित्रावर फुंकर मारायची नाही. ही सवय सुटायला सगळ्यात वेळ लागतो. भुकटी झटकायची असेल तर बोर्ड गॅलरीत नेऊन मागून टिचक्या मारा. झाडू नको, फरशी ओल्या फडक्याने पुसा. आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

## ७. आधी गडद, मग मधले रंग

आता खडू. पहिला नियम: कठीण कांडी आधी, मऊ नंतर. कठीण कांडी दाणे भरत नाही, मऊ कांडी भसाभस भरते. दुसरा नियम: कांडीचं टोक नको. कांडीचा दोन-तीन सेंमीचा तुकडा मोडा आणि आडवा धरा. नवी कोरी कांडी मोडायला जिवावर येतं खरं, पण अखंड कांडीने पोर्ट्रेट होत नाही.

सावलीच्या भागात गडद तपकिरी आडवा फिरवा, इतक्या हलक्या हाताने की खालचा जलरंग मधूनमधून दिसत राहील. त्यावर तसाच गडद मरून. सावळ्या त्वचेच्या सावलीत लालसर ऊब असते. तिथे काळा वापरला की चेहऱ्याला भोक पडल्यासारखं दिसतं. काळी कांडी या चित्रात कुठेच लागत नाही. सर्वांत गडद जागी गडद निळा आणि गडद तपकिरी एकमेकांवर लावा. मग सावलीची कड बघा. ती सगळीकडे सारखी धारदार नसते. नाकाच्या बाजूला धार असते, गालावर ती विरघळते.

मग मधले टोन. चेहऱ्याची इथली कमाई मोठी आहे, म्हणून इथे वेळ घालवा. चेहरा एका रंगाचा नसतो, त्याचे ढोबळ तीन पट्टे असतात. कपाळ थोडं पिवळसर: रॉ सिएना, ऑकर. मधला पट्टा, म्हणजे गाल, नाक आणि कान, लालसर, कारण तिथे रक्तवाहिन्या त्वचेच्या जवळ असतात: बर्न्ट सिएना, इंडियन रेड. खालचा पट्टा, ओठांभोवती आणि जबड्यावर, जरा थंड: ऑलिव्ह हिरवा, राखाडी निळा. पुरुषाचा चेहरा असेल तर दाढीमुळे हा थंडपणा आणखी स्पष्ट दिसतो. तिन्ही पट्ट्यांचे रंग एकमेकांत थोडे शिरू द्या, नाहीतर झेंडा होतो.

हिरवा रंग गालाखाली लावताना सगळ्यांचा हात थबकतो. लावा. फक्त तो शेजारच्या तपकिरीइतकाच गडद असू द्या. टोन जुळला की रंग कोणताही चालतो, पण टोन चुकला तर बरोबर रंगही डाग वाटतो. मावशींच्या हनुवटीखाली हिरव्या साडीचा उजेड परतून येतो, तिथे तर हा रंग हक्काने बसतो. मात्र सावलीतला असा परतलेला उजेड, उजेडाकडच्या गालापेक्षा नेहमी गडदच ठेवायचा. बहुतेक जण त्याला नको तितका उजळ करतात आणि हनुवटी कंदिलासारखी पेटते.

घासायचं की नाही? बोटाने घासल्यावर भुकटी दाण्यांत दाबली जाते, बोटाचं तेल तिला लागतं आणि रंगातली चमक मरते. घासण्याची मुभा एकदाच द्या, अगदी पहिल्या गडद थराला, तीही कागदी स्टंपने (घट्ट गुंडाळलेल्या कागदाच्या कांडीने) किंवा मऊ कापडाने. पुढचं मिश्रण खडूनेच करायचं: दोन रंगांच्या मधला तिसरा खडू घेऊन दोघांवरून हलकेच न्यायचा, गालाच्या गोलाईच्या दिशेने. जवळून रेघा दिसतात, सहा फुटांवरून त्वचा दिसते.

हात टेकायला लांब पट्टी घ्या, तिचं टोक बोर्डच्या कडेवर ठेवून मनगट पट्टीवर टेकवा. काम वरून खाली न्या.

मातकट झालं तर: त्यावर आणखी रंग लावू नका. कोरडा, ताठ केसांचा ब्रश घेऊन तेवढी जागा झटका, भुकटी खाली पाडा. उरलेला रंग पुटी रबर (कणकेसारखं मळता येणारं मऊ खोडरबर) दाबून उचला. घासू नका, दाबा आणि उचला. खालचा जलरंग दिसू लागला की पुन्हा गडदापासून सुरुवात.

तपासणी: मोबाइलने चित्राचा फोटो काढून काळापांढरा करा आणि मूळ काळ्यापांढऱ्या प्रतीशेजारी ठेवा. कुठला भाग उजळ किंवा गडद झालाय ते रंगाच्या भुलीशिवाय कळतं. डोळे किलकिले करूनही बघता येतं, पण मोबाइल खोटं बोलत नाही.

## ८. डोळे, ओठ, केस, नथ

आता पेस्टल पेन्सिली. त्या ब्लेडने तासा, शार्पनरमध्ये शिसं तुटतं.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, म्हणून राखाडी निळा आणि थोडा तपकिरी वापरा. वयस्कर डोळ्यात तो किंचित पिवळसरही असतो. वरच्या पापणीची रेघ जाड आणि गडद, खालची जवळजवळ नाहीच. डोळ्यातला चमकता ठिपका आत्ता ठेवू नका.

ओठांभोवती बाह्यरेषा काढू नका. वरचा ओठ खाली वळलेला असल्याने गडद, खालच्यावर उजेड पडतो. साम्य ओठांच्या कोपऱ्यांत असतं. हसू आणायचं म्हणून कोपरे वर ओढले की मावशी जाऊन जाहिरातीतल्या आजी येतात.

सुरकुत्या म्हणजे रेघा नाहीत, छोट्या घड्या आहेत. प्रत्येक घडीला एक गडद बाजू आणि एक उजळ बाजू असते. नुसती गडद रेघ काढली तर ओरखडा दिसतो. दिसतील त्यांतल्या तीनात एकच काढा.

पांढरे केस राखाडी जांभळ्या आणि राखाडी निळ्या रंगाच्या मोठ्या झुपक्यांनी मांडा. बटा मोजून पाच-सहा. कपाळ आणि केस जिथे भेटतात तिथे कड मऊ ठेवा, नाहीतर टोपी घातल्यासारखं वाटतं.

कुंकू चपटा गोल नाही. ते कपाळाच्या वळणावर बसलेलं आहे. डावी बाजू उजेडात, उजवी सावलीकडे, म्हणून उजवीकडे तेच लाल मरूनकडे झुकवा. नथ डाव्या नाकपुडीत, म्हणजे चित्रात उजवीकडे, सावलीच्या अंगाला. तिथले मोती करडेच असतात, प्रत्येकाला खाली परतलेल्या उजेडाची पुसट कोर. सगळे मोती पांढरे केले तर नथ चेहरा सोडून हवेत तरंगते. सोन्याच्या तारेसाठी आधी गडद तपकिरी, मग ऑकर, शेवटी क्रीमचा एक टिंब.

साडी थोडक्यात आटपा. खांद्यावरच्या चार मोठ्या घड्या, काठ, बस.

## ९. फिक्सेटिव्ह, आणि मग शेवटचा उजेड

फिक्सेटिव्ह म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा. त्याने रंग थोडे गडद होतात आणि फिकट भुकटी तर बसून जाते. म्हणून तो उजळ रंगांच्या आधी मारायचा, नंतर नाही. हवेशीर जागी, सुमारे ३० सेंमी अंतरावरून, हात हलता ठेवून दोन पातळ फवारे, मध्ये दहा मिनिटं. आधी तुकड्यावर मारून बघा. दमट दिवशी फवाऱ्यावर पांढुरकी साय धरू शकते, तेव्हा पावसाची सर ओसरून ऊन पडेपर्यंत थांबा. हेअर स्प्रे स्वस्त पडतो म्हणून मारू नका, तो काळानुसार पिवळा पडतो.

सुकल्यावर सर्वांत मऊ कांडी घ्या. उजेडाच्या जागा मोजक्याच: कपाळाची डावी बाजू, गालाच्या हाडावर, नाकाचा शेंडा, खालच्या ओठावर एक आडवा स्पर्श. खिडकीतला उजेड आभाळाचा असतो, म्हणून सावळ्या त्वचेवर ही चमक क्रीमपेक्षा फिकट राखाडी निळ्याने जास्त खरी दिसते. एक स्पर्श ठेवा आणि हात उचला, पुन्हा त्यावर जाऊ नका. शेवटी कांडी मोडून मिळालेल्या तीक्ष्ण कोपऱ्याने दोन्ही डोळ्यांत पांढरा ठिपका, दोन्हीकडे एकाच बाजूला, सावलीतल्या डोळ्यातला थोडा लहान. आणि एक ठिपका नथीच्या सर्वांत मोठ्या मोत्यावर.

## १०. ठेवणं आणि फ्रेम

टेप काढताना ती कागदाशी लगटून, चित्रापासून बाहेरच्या दिशेने हळू ओढा. फ्रेमपर्यंत चित्रावर गुळगुळीत बटर पेपर ठेवा आणि चित्र आडवं ठेवा, गुंडाळू नका. फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा पट्टी घालून तीन-चार मिलिमीटर अंतर हवं. आणि काच खरी हवी, ॲक्रिलिकची नको. ॲक्रिलिक पुसताना त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती भुकटी ओढून घेते. चार महिन्यांनी मावशींच्या गालाची पावडर काचेच्या आतल्या बाजूला दिसते.

पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम टांगू नका, कागदाला बुरशी धरते. आतल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवले तर भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा खेळत राहते.